घरच्या रेकॉर्डिंगसाठी पहिला ऑडिओ इंटरफेस: आधी माइक मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बहीण अभंग आणि नाट्यपदं गाते, तुम्ही हार्मोनियम वाजवता, शेजारचा मित्र तबल्यावर असतो. नाशिकच्या घरातली एक खोली रेकॉर्डिंगसाठी मोकळी करता येईल. विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे आणि माइक, हेडफोन, केबल सगळं धरून तीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात; त्यात फोकसराइटचा स्कार्लेट सोलो घ्या असं दोघांनी सांगितलंय, तर तो घ्यावा का?

नका घेऊ. सोलो चांगला आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. त्यात माइकसाठी एकच प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, असतो. दुसरं इनपुट गिटारचं किंवा लाइनचं, म्हणजे कीबोर्डसारख्या आधीच मोठ्या सिग्नलचं. गिटार घेऊन गाणाऱ्या एकट्या माणसाला एवढं पुरतं, कारण तो क्लिक (हेडफोनमधली ठरलेल्या लयीची टिकटिक) लावून आधी गिटार वाजवतो, मग त्यावर गातो, मग हवं तर आणखी काही जोडतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अशाच कामातून आलेले असतात, म्हणून सोलोचं नाव सारखं कानावर येतं.

अभंग असा थराथराने बनत नाही. दुसऱ्या अंतऱ्याला लय किंचित चढते, शेवटी गजरात आणखी चढते. गाणारी एखाद्या शब्दावर थांबते तेव्हा तबलजी तिच्याकडे बघून ठेका धरून ठेवतो, आणि ती समेवर आली की तिच्याबरोबर उतरतो. पेटीवाला तिची जागा ऐकून लगेच मागून भरतो. हे सगळं एका खोलीत, एकमेकांकडे बघत होतं. क्लिक लावून एकेक वाद्य वेगळं घेतलं तर सूर-ताल बरोबर येतील, पण संगत येणार नाही. म्हणून इंटरफेस निवडताना तुमचा पहिला प्रश्न हाच हवा की एका वेळी किती माइक उघडे राहणार. ब्रँड आणि किंमत नंतर.

तुमच्याकडे मोजा: गळ्याला एक, पेटीला एक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक. झाले चार. तबला-डग्गा मिळून एकाच माइकवर भागतं, मग तीन. म्हणजे दोन इनपुटचा इंटरफेस पहिल्याच महिन्यात अपुरा पडेल. माइक पुढे एकेक करून वाढवता येतात, मंडळाकडून उसने आणता येतात. इनपुट वाढवता येत नाहीत. या किमतीच्या बहुतेक इंटरफेसना बाहेरून आणखी प्रीअँप जोडायची सोय नसते. विंडोजवर दोन वेगवेगळे इंटरफेस एकत्र चालवण्याच्या खटपटीत तर पडूच नका, त्यात वेळ जातो आणि दोन्हींची घड्याळं, म्हणजे आवाज मोजायचे वेग, जुळत नाहीत.

आता दुकानात फसायची जागा. नावातले आकडे माइकचे नसतात. स्कार्लेट ४आय४ म्हणजे चार इनपुट खरे, पण त्यात माइक प्रीअँप दोनच, बाकीचे दोन मागच्या बाजूचे लाइन इनपुट. मोटू एम४ चंही तेच. बेहरिंगरच्या यूएमसी२०४एचडी मध्ये दोन इनपुट आणि चार आउटपुट आहेत. '४' बघून घेतला की घरी येऊन कपाळाला हात लावायची वेळ. चार माइक थेट लावायचे तर बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी किंवा ऑडिएंटचा ईव्हो ८ बघा, या दोन्हींत चार खरे माइक प्रीअँप आहेत. डब्याच्या फोटोत एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबलचं तीन पिनांचं टोक, घुसेल अशी भोकं मोजा, त्यापुढे जाहिरातीतला कोणताही आकडा विचारात घेऊ नका.

तुमच्या ओळखीत एखाद्या भजनी मंडळाकडे यूएसबी असलेला छोटा मिक्सर असेल, आणि कुणीतरी म्हणेल की हाच लॅपटॉपला लावा, वेगळा इंटरफेस कशाला? यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या उदाहरणाला. मिक्सर म्हणून उत्तम, पण यूएसबीतून लॅपटॉपकडे फक्त दोनच चॅनेल जातात: डावा आणि उजवा. गळा, पेटी, तबला सगळं मिसळूनच पोचतं. नंतर ऐकताना तबला वर वाटला तर तो एकटा खाली करता येत नाही. कार्यक्रमाची आठवण म्हणून रेकॉर्डिंग हवं असेल तर ठीक, पण तुम्हाला नंतर बसून काम करायचंय, तेव्हा प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक हवाच. मल्टिट्रॅक यूएसबी असलेले मिक्सर वेगळे मिळतात, त्यांच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर दोनच चॅनेल धरा.

यानंतर ड्रायव्हर. विंडोजवर हा भाग सगळ्यात दुर्लक्षित राहतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांच्यात एएसआयओ नावाचा ड्रायव्हर असतो. कंपनीने स्वतः बनवलेला एएसआयओ ड्रायव्हर असणं ही माझी अट आहे. फोकसराइट, मोटू, ऑडिएंट, स्टाइनबर्ग, यूएमसी-एचडी मालिका यांना तो आहे. बेहरिंगरचे सर्वांत स्वस्त यूएम२ आणि यूएमसी२२ मात्र सहसा एएसआयओ४ऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवरच चालवले जातात. त्यावर काम होतं, पण तो मुळात विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चढवलेला थर आहे. चार ट्रॅक उघडे असताना मध्येच 'टक्' येणं, नंतर बासरी जोडली तर ती किंचित मागे-पुढे बसणं, असे त्रास त्यातून येतात. जुना वापरलेला इंटरफेस घेणार असाल तर पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का ते स्वतः बघा. विकणारा 'चालतो' म्हणाला यावर जाऊ नका. फायरवायर या जुन्या पोर्टचं काही असेल तर हातही लावू नका.

लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा परत येण्याची, भीती बऱ्याच जणांना वाटते, म्हणून थोडे आकडे देतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद. जाणं, येणं आणि मधली रूपांतरं धरली तर एकूण आठ-दहा मिलिसेकंद होतात. आवाज हवेतून एक मीटर जायलाच सुमारे ३ मिलिसेकंद घेतो; दोन मीटरवर बसलेला तबलजी तुमच्या बहिणीचा आवाज एरवीही ६ मिलिसेकंद उशिरा ऐकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. त्रास होतो तो फक्त गाणारीला, हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा आला की. तिचा आवाज हाडांतून तिच्या कानापर्यंत आधीच पोचलेला असतो, त्यात हा दुसरा मिसळला की सूर पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो आणि ती नकळत जोर लावायला लागते.

यावर उपाय डायरेक्ट मॉनिटरिंग: माइकचा आवाज लॅपटॉपकडे न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला परततो. ही सोय आता जवळपास सगळ्याच इंटरफेसमध्ये असते. अडचण अशी की हा आवाज कोरडा असतो, आणि गाणाऱ्यांना थोडा 'इको' हवा असतो. मग असं करा. कोरडा आवाज डायरेक्टमधूनच येऊ द्या, आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब, म्हणजे तो घुमारा, पाठवा, मूळ आवाज बंद करून. रिव्हर्ब दहा मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला कळत नाही, उलट ते बरं वाटतं. बहीण पहिल्या पाच मिनिटांत सैल होऊन गायला लागेल.

प्रीअँपच्या 'क्वालिटी'वर लोक तासन्‌तास बोलतात. आजच्या नावाजलेल्या स्वस्त इंटरफेसमधला फरक तुमच्या खोलीत ऐकू येणार नाही. नाशिकमधल्या घरात रात्रीसुद्धा पंखा, फ्रिज, लांबचा रस्ता मिळून जो आवाज असतो तो या प्रीअँपच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी जास्त असतो. फरक पडतो तो गेन, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवायची ताकद, किती मिळतो याने, आणि तो किती लागेल हे तुमचे माइक कोणते आहेत त्यावर ठरतं. शुअरच्या एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० सारख्या कंडेन्सरच्या मानाने सात-आठ पट कमी व्होल्टेज देतो. गळा माइकजवळ असेल आणि आवाज खुला असेल तर पन्नास-पंचावन्न डेसिबल गेन भरपूर झाला. ईव्होमध्ये तो ५८ आहे, मोटू एम२ मध्ये ६०, चौथ्या पिढीच्या स्कार्लेट २आय२ मध्ये ६९, आधीच्या तिसऱ्या पिढीत ५६ होता. पॉडकास्टवाल्यांमुळे गाजलेला शुअरचा एसएम७बी मात्र ६० डेसिबल तरी मागतो. तो आत्ता तुमच्या यादीत नको.

गेन लावायची पद्धत सांगतो, कारण अर्धी रेकॉर्डिंग इथेच वाया जातात. 'हॅलो हॅलो, चेक' वर गेन लावू नका. बहिणीला त्या अभंगातली सगळ्यात वरची, सगळ्यात जोरकस ओळ पूर्ण ताकदीने गायला सांगा, तबलजीला तिहाई वाजवायला सांगा, आणि त्या वेळी सॉफ्टवेअरमधला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. खऱ्या टेकला माणूस तपासणीपेक्षा नेहमी मोठ्याने गातो, त्यासाठी ही जागा सोडलेली असते. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर पातळी कमी राहिल्याने काहीही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. शून्याच्या वर जाऊन फाटलेला तार षड्ज मात्र परत मिळत नाही. म्हणूनच एम-ऑडिओचे एम-ट्रॅक सोलो आणि ड्युओ, १६ बिटवर अडकलेले, मी कुणाला सुचवत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि १९२ चा विचार सोडून द्या. ४८ ला एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते, १९२ ला त्याच्या चौपट, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला त्यातून काही मिळत नाही.

तीस हजारांचं काय करायचं? माझा कौल यूएमसी४०४एचडी ला. ईव्हो ८ त्यापेक्षा सुबक आहे: हेडफोनची दोन भोकं, गेन आपोआप लावायची सोय, आणि लॅपटॉपमधला आवाज माइकबरोबर परत पाठवणारा लूपबॅक. पण तो महाग आहे, आणि तो घेतला तर माइकना पैसे उरणार नाहीत. माइक मंडळाकडून मिळत असतील तर ईव्हो घ्या, विकत घ्यायचे असतील तर बेहरिंगर. बेहरिंगरला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तो डब्यातच येतो. लाइट गेली की तो बंद पडतो एवढं ध्यानात ठेवा. त्यावर पातळी दाखवायला फक्त सिग्नल आणि क्लिपचे दिवे आहेत, म्हणून नजर सॉफ्टवेअरच्या मीटरवर ठेवा. बहिणीला परदेशातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवायचं असेल तर मात्र लूपबॅकसाठी ईव्होचे जास्तीचे पैसे द्यावेत असं मी म्हणेन. तानपुरा लॅपटॉपवर वाजतो आणि गळ्याबरोबर थेट समोर पोचतो. झूमवर शिकवताना 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर ते सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच गोंगाट समजून कापून टाकतं.

उरलेल्या पैशांत गळ्यासाठी एक चांगला डायनॅमिक माइक, एक बंद कपांचा हेडफोन, आणि केबल. एसएम५८ घेतलात तर अधिकृत विक्रेत्याकडूनच, कारण त्याच्या नकला बाजारात फार आहेत. हेडफोन ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स पुरेल. स्पीकर आत्ता नकोत. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर घ्या; ६० दिवस तपासून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. 'स्टुडिओ सेट' म्हणून व्ही८ साउंड कार्ड आणि बीएम-८०० माइक असा संच अगदी स्वस्तात दिसेल. तो मोबाइलवरच्या लाइव्ह गप्पांसाठी आहे, या कामाला उपयोगाचा नाही.

मंडळाचे माइक आणलेत तर त्यांच्या केबल बघून घ्या. त्यांच्या एका टोकाला बहुतेक वेळा पी-३८ जॅक, म्हणजे गिटारच्या केबलला असतो तसला, असतो. तो इंटरफेसच्या कॉम्बो भोकात मधोमध बसतो, पण तिथे तो लाइन किंवा गिटारच्या इनपुटला जातो, माइक प्रीअँपला नाही. आवाज अगदी बारीक येतो, मग लोक गेन शेवटपर्यंत फिरवतात, खरखर ऐकतात आणि इंटरफेसला दोष देतात. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेल्या केबल घ्या, सगळं जागेवर येईल. कंडेन्सर माइक लावाल तेव्हा ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) सुरू करण्याआधी गेन शून्यावर आणा. एकाच बटणाने तो सगळ्या इनपुटना जात असला तरी एक्सएलआर केबलवरच्या साध्या डायनॅमिक माइकला अपाय होत नाही.

बसायची रचना बदला, याने इंटरफेसपेक्षा जास्त फरक पडतो. बैठकीत तबला गाणाऱ्याच्या उजवीकडे आणि पेटी डावीकडे असते. रेकॉर्डिंगला तिघांनी एकमेकांकडे तोंड करून त्रिकोणात बसावं. कार्डिओइड माइक समोरून ऐकतो आणि मागच्या बाजूला जवळजवळ बहिरा असतो. बहिणीसमोरच्या माइकची पाठ तुम्हा दोघांकडे राहिली की तिच्या ट्रॅकवर तबला कमी येतो, आणि तबल्यासमोरच्या माइकची पाठ तिच्याकडे राहिली की तबल्याच्या ट्रॅकवर गाणं कमी येतं. नजरानजर तर होतेच. गळ्याचा माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' ची फुंकर थेट लागणार नाही. पेटीला वरून, दीड फुटावर, भात्यापासून लांब. जवळ गेलात की भात्याची धाप आणि पट्ट्यांची खटखट सुरांबरोबर येते. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हींच्या मधोमध फूटभर वर. डग्ग्याच्या अगदी जवळ नेऊ नका, मनगट घासल्याचा घुमारा बाकी सगळं झाकून टाकतो. टाळ असलेच तर गळ्याच्या माइकपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

फरशीवर सतरंजी टाका आणि बहिणीच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या सोडा. गळ्याचा माइक तिच्याकडे तोंड करून आहे, म्हणजे तिच्या मागची उघडी भिंत त्याला सगळ्यात स्पष्ट ऐकू येते. फोम चिकटवायचा तर लोक माइकच्या मागच्या भिंतीवर चिकटवतात, तिथे त्याचा उपयोग कमी. तानपुरा ॲपवर लावा आणि फक्त हेडफोनमध्ये द्या, नंतर सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ जोडता येईल. पण तुमची पेटी नेमकी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली असेलच असं नाही. रेकॉर्डिंगच्या आधी पेटीचा षड्ज दाबून धरा आणि ॲपमधली बारीक जुळवणी थोडी थोडी सरकवत दोन्ही सूर एकजीव करा. हे राहिलं तर नंतर कुठलाही इफेक्ट लावून ते दुरुस्त होत नाही.

इंटरफेस घरी आला की परत करायची मुदत संपण्याआधी एका संध्याकाळी तपासून घ्या. आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घाला, मग लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला जोडा, हबला नको. चारही इनपुटना एकच माइक आळीपाळीने लावून तेच वाक्य तेवढ्याच अंतरावरून बोला आणि चारही ट्रॅक ऐका. एखादा बारीक किंवा खरखरीत असेल तर बदलून मागा. गेनची बटणं हळू फिरवा, फिरवताना चरचर यायला नको. १२८ च्या बफरवर चार ट्रॅक अर्धा तास रेकॉर्ड होऊ द्या आणि मध्ये कुठे टक् आलंय का ऐका. आलं तर आधी वाय-फाय बंद करून, पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर ठेवून परत करून बघा. मग हेडफोनमध्ये 'हूं' असा घुमता आवाज येतोय का ते बघा. येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे, इंटरफेसमध्ये नाही. तेव्हा बॅटरीवर रेकॉर्ड करा, किंवा इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका, त्यात शॉक बसायचा धोका आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर लाइट नसताना एकदा मुद्दाम तपासा, काही इन्व्हर्टरवर पेटीच्या खालच्या सुरांमागे गुणगुण उरते, आणि तशा वेळी रेकॉर्डिंग लाइट येईपर्यंत थांबवायचं हे आधीच ठरवून ठेवता येतं.